तीन नंबरच्या जीपवरचा शेरा

सोहम, तुझ्या स्नोमोबाइलला, त्या बर्फावरच्या गाडीला, ते जीपीएसचं नवं मीटर बसवण्यात अर्थ आहे की नाही, हा प्रश्न तू मला का विचारलास, हे मला आधी कळलंच नाही. मी बर्फ पाहिला आहे तो तुमच्या घराच्या खिडकीतून, आणि आयुष्यात चालवली आहे ती फक्त सायकल. पण नोकरीत असताना एकदा नेमका असाच प्रश्न माझ्या टेबलावर आला होता. त्याचं उत्तर मी दोन मिनिटांत दिलं होतं, चांगल्या इंग्रजीत, आणि ते चुकलं होतं. म्हणून या वेळी घाई करत नाही. आधी तुम्हा दोघा नातवंडांना एका माणसाबद्दल सांगते. ईरा, सोहमला माझं अक्षर लागलं नाही तर तू वाचून दाखव.

त्या माणसाला आमच्या ऑफिसात सगळे उस्ताद म्हणायचे. आमच्या इकडे ड्रायव्हर लोक एकमेकांना उस्तादच म्हणतात, पण त्यांच्या बाबतीत ते नावच होऊन बसलं होतं. खरं नाव पगारपत्रकावर होतं, मी ते दर महिन्याला पाहत असे, आणि तरीही ते मला कधी त्यांचं वाटलं नाही.

छत्तीसगढ राज्य नुकतंच नवं झालं होतं. रायपूर राजधानी झालं, पण राजधानीला लागतात तेवढ्या इमारती काही आदेश काढून उभ्या राहत नाहीत. आमचं ऑफिस एका रिकाम्या झालेल्या शाळेत आलं. माझ्या खोलीत मोठा फळा होता. मी तो काढू दिला नाही. रोजची कामं सकाळी खडूनं त्यावर लिहायची आणि झालेलं काम पुसायचं. लोक हसत. माझ्याकडे आस्थापना आणि वाहनं असं दोन्ही होतं, म्हणजे चाळीस माणसं आणि सात जीपा. त्यातली तीन नंबरची उस्तादांची.

उंच, वाळका माणूस. गळ्यात गमछा, आणि मे महिन्यात डांबर पातळ होत असतानासुद्धा खाकी शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. वडील रेल्वेत होते, भंडाऱ्याकडून बदली होऊन आले आणि गुढ़ियारीत लाइनीच्या पलीकडे राहिले, ते तिथलेच झाले. आमचं घर तात्यापाऱ्यात, भोसल्यांच्या काळापासूनचं. यावरून ते मला चिमटे काढायचे. ‘तुमची मराठी किताबातली हाय मॅडम. आमची रेल्वेतून आली, धक्के खात खात.’

जीपमध्ये बसण्याआधी ते बॉनेटवर दोनदा थाप मारायचे, बैलाच्या पाठीवर मारावी तशी, आणि म्हणायचे, ‘चाल माय, साहेब लोक थांबून राहिले.’ जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली नाही तर तिच्यावर रागवायचे नाहीत, आमच्यावर रागवायचे. ‘तुमी दार आपटलं. तिले अपमान वाटते.’ एका मोठ्या अधिकाऱ्यांनाही त्यांनी हे ऐकवलं होतं. ते अधिकारी खाली उतरले आणि दार पुन्हा, हळू लावून बसले.

तीन नंबरच्या मीटरचा काटा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हापासून शून्यावर होता. केबल तुटलेली. सरकारी जीपची केबल तुटली की ती तुटलेलीच राहायची, यात कोणाला काही नवल वाटत नसे. पण लॉगबुकात किलोमीटर भरावेच लागत. बाकीचे ड्रायव्हर मनाला येईल तो आकडा टाकत. उस्ताद लवंग वापरत.

गाडी निघाली की ते एक लवंग दाढेखाली धरत. चावायची नाही, नुसती धरायची. तिचा तिखटपणा संपला की दुसरी. ‘एक लवंग म्हंजे अठरा किलोमीटर,’ ते सांगत. ‘कच्च्या रस्त्यानं चौदा.’ मग ठिकाणी पोचल्यावर पेन काढून लॉगबुकात सुवाच्य अक्षरात आकडा लिहीत.

मला हे सहन होईना. सरकारी कागदावर लवंगेचा हिशेब! एकदा मी त्यांच्या मागोमाग पाच नंबरची जीप पाठवली. तिचं मीटर चालू होतं. त्याच रस्त्यानं जायचं, त्याच रस्त्यानं यायचं. संध्याकाळी दोन्ही लॉगबुकं टेबलावर आली. पाच नंबर म्हणत होती त्रेसष्ट, उस्ताद म्हणत होते एकसष्ट.

‘बघा उस्ताद,’ मी म्हटलं. ‘दोन किलोमीटरची लवंग कमी पडली.’

ते तडक बाहेर गेले. खिडकीतून पाहिलं तर पाच नंबरच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. परत आले आणि म्हणाले, ‘चला न मॅडम, एक चीज दाखवतो.’ मला आवारात नेऊन त्यांनी टायरवर तळहात फिरवला. ‘पाहा, घासून गुळगुळीत झालं. चाक लहान झालं तं फेरे जास्त मारते. मीटर चाक मोजते मॅडम, रस्ता नाई मोजत.’

मी बांधकाम खात्याचा अंतरांचा तक्ता मागवून पाहिला. एकसष्टच होते. त्यानंतर आमच्या ऑफिसनं स्वतःचा असा जो अंतरांचा तक्ता केला, तो उस्तादांना समोर बसवून. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. त्या तक्त्यावर माझी सही आहे, त्यांची नाही.

डावं-उजवं त्यांना मान्य नव्हतं. ‘डावं-उजवं मानसाचं राह्यते, रस्त्याचं नाई. तुमी फिरल्या का तेही फिरते.’ रस्ता सांगायचा तर तो असा: तळं पाठीशी घ्यायचं, जोडमहुआ, म्हणजे मोहाची जुळी झाडं, लागला की सूर्याच्या अंगाला वळायचं, पुढे चिंचेखाली एक म्हातारी भाजी घेऊन बसलेली असते, तिच्यासमोरची वाट.

‘आणि म्हातारी नसली तर?’ मी एकदा विचारलं.

‘तं समजायचं का आज बुधवार हाय. बुधवारी ते बाजारात जाते.’

आमच्या इकडच्या गावांना तळी फार. एकेका गावाला चार-चार, पाच-पाच. उस्तादांना ती सगळी वेगवेगळी ओळखू यायची, पाण्याच्या रंगावरून, काठावरच्या झाडांवरून, कुठल्या तळ्यात म्हशी बसतात आणि कुठल्या तळ्यात लोक बसू देत नाहीत यावरून. नकाशा त्यांनी कधी उघडला नाही. मी उघडला तर आरशातून माझ्याकडे असं पाहत की मी तो घडी करून ठेवत असे.

आता ती फाइल.

वरच्या ऑफिसकडून पत्र आलं की ज्या वाहनांची मीटरं बंद आहेत त्यांना जीपीएसची नवी मीटरं बसवायची आहेत. तेव्हा ते सगळ्यांना नवीन होतं. मोबाइल होते, पण बोलण्यापुरते. पत्रासोबत चित्र होतं: तळहाताएवढा पडदा, त्यावर खरा वेग, खरं अंतर, आणि एक बाण. निघालो ती जागा कुठल्या दिशेला आहे ते तो बाण दाखवणार. सगळ्या वाहनांना एकदम मिळणार नव्हती, म्हणून प्रत्येक वाहनापुढे आवश्यकता आहे की नाही असा शेरा मागितला होता. माझ्या आवडीचं काम. मी फळ्यावर रकाने आखले.

दुपारी उस्ताद खोलीत आले. चप्पल बाहेर काढून. ते माझ्या खोलीत नेहमी चप्पल काढून येत, शाळा आहे म्हणून.

‘मॅडम, ते नवं मीटर तीन नंबरले पन लावून द्या न.’

मी हसले. मला खरोखर गंमत वाटली. ‘तुम्हाला? अहो उस्ताद, त्या मीटरनंच तुम्हाला रस्ता विचारायला हवा.’

तेही हसले. ‘हव, तेही खरं हाय.’

पण गेले नाहीत. फळ्याखालच्या पट्टीवरचे खडूचे तुकडे एका ओळीत लावत उभे राहिले. ‘असलं तं बरं राह्यते,’ ते खडूंकडे पाहत म्हणाले. ‘पाहा बावा तुमी.’

‘आणि लवंग? ती रागावेल की!’

‘हव,’ ते म्हणाले. ‘लवंग तं हायच.’

मला वाटलं, नव्या खेळण्याची हौस. माणसानं पन्नाशी ओलांडली तरी ती जात नाही. मी पेन उघडलं आणि तीन नंबरपुढे इंग्रजीत शेरा लिहिला: या वाहनाच्या चालकास सर्व मार्गांची संपूर्ण व अचूक माहिती आहे, सबब आवश्यकता नाही. बाकीच्या शेऱ्यांत मी एकाही ड्रायव्हरचा उल्लेख केला नव्हता. उस्तादांची वर दखल घेतली जावी म्हणून मी मुद्दाम ते वाक्य घातलं होतं. शिपाई रजेवर होता, त्यामुळे ती फाइल वरच्या ऑफिसात नेऊन द्यायला मी उस्तादांनाच सांगितलं.

फाइल हातात घेऊन त्यांनी विचारलं, ‘काय लिवलं मॅडम तीन नंबरले?’

‘लिहिलंय की तुम्हाला सगळे रस्ते माहीत आहेत. उगीच नाही लिहीत मी असं कोणाबद्दल.’

त्यांनी फाइल कपाळाला लावली. ‘लय चांगलं लिवलं,’ म्हणाले, आणि ती फाइल स्वतः नेऊन देऊन आले.

मी तेव्हा काय पाहत नव्हते ते आता सांगते. शहराच्या पलीकडे नवी राजधानी उभी राहत होती. मी त्या रस्त्यांनी आठवड्यातून दोनदा जात असे, पण मागच्या सीटवर बसून मांडीवरच्या फाइली वाचत. उस्ताद काचेतून पाहत होते. जोडमहुआ गेला होता. चिंच गेली, म्हणजे म्हातारीही गेली असणार. काही तळी भरली होती, काहींना भिंती घातल्या होत्या. गावांतून वळणं घेत जाणारे रस्ते बंद करून सरळ, सहा पदरी सिमेंटचे रस्ते केले होते. दोन्ही बाजूंना रोपं लावली होती, पण ती सगळी एकाच दिवशी लावलेली, एका जातीची, एका उंचीची. चौक सगळे गोल, सगळे सारखे. जो रस्ता शुक्रवारी उघडा असे तो सोमवारी पिंप लावून बंद.

त्या महिन्यांत उस्ताद अर्धा तास आधीच गाडी काढायची घाई करू लागले होते. ‘लवकर निंगू न मॅडम, ऊन नाई लागत.’ टपरी दिसली की गाडी हळू करून राम राम घालू लागले होते, ओळख असो नसो. मला वाटे, वय झालं की माणूस बोलका होतो.

आणि मग मे महिन्यातला तो दिवस.

दिल्लीहून एक मोठे अधिकारी आले होते. राजधानीसाठी ज्या गावांची जमीन घेतली जात होती, त्यातल्या एका गावात लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायचं होतं. वेळ अकराची. त्या गावाला उस्ताद शंभरदा तरी गेले असतील. साहेब पुढे बसले, मी मागे. शहर संपलं आणि सिमेंटचा रस्ता लागला. एक गोल चौक, दुसरा, तिसरा. निळ्या पाट्यांवर गावांची नावं नव्हती, सेक्टरचे आकडे होते. मी साहेबांसाठी टिपण वाचत होते. मान वर केली ती त्यांच्या आवाजानं.

‘यह पानी की टंकी तो हम तीसरी बार देख रहे हैं।’

उस्तादांनी गिअर बदलला. मागून मला त्यांचा कान आणि गालाचा थोडा भाग दिसत होता. घाम शर्टाच्या त्या बंद कॉलरमध्ये उतरत होता. घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते. पुन्हा एक चौक आला. ते अर्धा वळसा घालून थबकले, परत फिरले.

‘मैडम,’ साहेब मागे वळून म्हणाले, ‘आपके ड्राइवर साहब हमें राजधानी की परिक्रमा करा रहे हैं क्या?’

आणि मी हसले. हे मला लिहायलाच हवं. साहेब विनोद करत होते आणि मी हसले. मग मीच आवाज कडक करून म्हणाले, ‘उस्ताद, रस्ता माहीत नसेल तर कोणाला तरी विचारा ना!’

त्यांनी गाडी थांबवली. ‘कोनाले विचारू मॅडम? सांगा न. कोन हाय इथं?’

मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बाहेर पाहिलं. खरंच कोणी नव्हतं. माणूस नाही, गुरं नाहीत, टपरी नाही. चारी बाजूंना उन्हात लखलखणारं सिमेंट आणि रोपांच्या काठ्या. उस्ताद खाली उतरले. आधी एका दिशेला चार पावलं गेले, मग दुसऱ्या. आभाळाकडे पाहिलं, पण बाराच्या सुमाराचा मे महिन्यातला सूर्य, तो डोक्यावर होता, कुठल्याच अंगाला नव्हता. गमछ्यानं तोंड पुसून ते परत येऊन बसले. त्यांनी बॉनेटवर थाप मारली नाही.

शेवटी पाण्याचा एक टँकर आला, त्याच्या मागे मागे आम्ही गावात पोचलो. साडेबारा वाजून गेले होते. लोक दहापासून मांडवात बसले होते. निम्मे उठून गेले होते, आणि जे उरले होते ते रागावून उरले होते. ज्यांची जमीन जायची होती त्यांना आम्ही दीड तास उशिरा भेटत होतो. पहिल्या रांगेतले एक म्हातारे उस्तादांना ओळखत होते. ते पुढे आले, त्यांचा हात धरला आणि छत्तीसगढीत म्हणाले, ‘तहूं भुला गेस का गा?’ तूसुद्धा वाट चुकलास?

त्या माणसाच्या आवाजात चेष्टा नव्हती. मला वाटतं, म्हणूनच उस्तादांना ते सहन झालं नाही. ते जीपपाशी जाऊन तिच्याकडे तोंड करून उभे राहिले.

आठवड्याभरात वरून पत्र आलं: चालकास वाहन चालवण्याच्या कामावरून काढून दुसरं काम द्यावं. तसा आदेश आस्थापनेनं काढायचा, म्हणजे मी. मला उत्तर लिहिता आलं असतं. याच चालकानं मीटरची मागणी केली होती, ती माझ्या शेऱ्यामुळे नामंजूर झाली, एवढं एक वाक्य. वरून परत आलेली ती फाइल माझ्याच कपाटात होती. मी ते वाक्य मनात तयारही केलं, हिंदीत आणि इंग्रजीत दोन्ही. मग स्वतःशी म्हटलं की मागणी तोंडी होती, तिची कुठे नोंद नाही. एका ड्रायव्हरच्या चुकीत आपण आपला शेरा कशाला ओढायचा. आणि तसंही, ऑफिसच्या ज्या फाटकावर त्यांना नेमायचं तिथलं काम सावलीतलं आहे. नीटनेटक्या माणसाला कारणंसुद्धा नीटनेटकी सापडतात. मी सही केली.

हा आदेश हिंदीत होता. वाचून सांगावा लागला नाही. उस्तादांनी तो उभ्यानं वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि किल्ली टेबलावर ठेवली.

‘नव्या मानसाले सांगा मॅडम, तिसऱ्या गिअरमंधी जरा थांबते ते. जोर नाई लावायचा.’

मी म्हटलं सांगते. ते एवढंच म्हणू शकत होते की मी तुमच्याकडे आलो होतो. म्हणाले नाहीत.

पुढची दोन-अडीच वर्षं, निवृत्त होईपर्यंत, ते शाळेचं लोखंडी फाटक उघडत आणि लावत. गाडी गेली की वहीत वेळ लिहायची, आली की लिहायची. मी रोज त्याच फाटकातून आत येत असे. ते उभे राहत. मी ‘नमस्कार उस्ताद’ म्हणून घाईनं पुढे जाई. वर्षभरात तीन नंबरला जीपीएसचं मीटर बसलं. नव्या चालकाला रस्ते माहीत नव्हते, म्हणून आवश्यकता होती. शेरा माझाच.

ते निवृत्त झाल्यानंतर दोन वर्षांनी मीही झाले. एके दिवशी रिकाम्या घरात बसले असताना मला ती परिक्रमा आठवली, म्हणजे मी हसले होते ते आठवलं, आणि मी रिक्षा करून गुढ़ियारीला गेले. मालधक्क्याकडे जाणाऱ्या ट्रकांच्या गर्दीतून घर शोधायला अर्धा तास लागला. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. ‘या न बाई, या.’ उस्ताद खाटेवर बसून तांदूळ निवडत होते. मला पाहून त्यांनी आधी शर्टाचं वरचं बटण लावलं.

चहा झाला. मुलींची लग्नं, गुडघे, जवळच्या उरला भागातल्या कारखान्यांची छपरावर येऊन बसणारी काळी धूळ, सगळं बोलून झालं. मग मी म्हटलं, ‘उस्ताद, तो शेरा मी लिहायला नको होता.’

‘जाऊ द्या न मॅडम. तुमी खराब थोडी लिवलं होतं?’

‘खराब काहून नाई?’ त्यांची बायको आतून म्हणाली आणि पदराला हात पुसत बाहेर आली. ‘सा महिने, बाई. दर इतवारी. सकाळी भाकर बांधून घेतली का निंगाले सायकलवर, नव्या राजधानीकडं. मी म्हनो, सुट्टीच्या दिवशी काहून जाता? तं म्हने, रस्ते पाहून राहिलो. दर हप्त्याले बदलून ठेवते म्हने ते लोक. दिवस बुडाला का घरी याचे, पाय सुजलेले.’

‘चूप बस न वो,’ उस्ताद म्हणाले. ताटातले तांदूळ त्यांनी एका बाजूला सारले, मग पुन्हा पसरले. ‘मले लाज वाटे मॅडम. तीस सालं गाडी चालवली. आता कोनत्या तोंडानं सांगू का मले रस्ता सापडत नाई? ते मीटर असतं तं मी त्याच्याकडं पाहून गेलो असतो. कोनाले कळलं नसतं.’

‘मला तरी सांगायचं होतंत.’

‘सांगालेच आलो होतो न,’ ते म्हणाले. ‘तुमी हसल्या.’

रागानं नाही म्हणाले. अंतर सांगताना जसा आवाज असे, तसा होता. त्यांच्या बायकोनं विचारलं, ‘बाई, अजून थोडा चहा?’ आणि मी हो म्हटलं. निघताना ते रिक्षापर्यंत आले आणि रिक्षावाल्याला तात्यापाऱ्याचा रस्ता सांगू लागले, तर तो म्हणाला, ‘पता है चाचा।’ उस्ताद लगेच मागे सरले.

पुढच्या पावसाळ्याआधी ते गेले. मला कळलं तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं.

सोहम, गेल्या रविवारी तू फोनवर मीटरचं विचारलंस तेव्हा मी काय म्हणाले, आठवतं? मी म्हणाले, ‘अरे, सहा हिवाळे झाले तू त्या गोठलेल्या तळ्यावर जातोस, तुला कशाला हवं मीटर? तूच त्याला रस्ते शिकवशील.’ आणि हसले. तू म्हणालास, ‘हो आजी, ते पण आहेच,’ आणि फोन ईराच्या हातात दिलास. मेथी निवडायला घेतली होती, ती तशीच राहिली. इतक्या वर्षांनी, सगळं ठाऊक असूनही, मी तेच वाक्य जवळजवळ तसंच बोलले होते. फक्त या वेळी मी ते कौतुक माझ्या नातवाला ऐकवलं होतं.

मग मी कागद घेऊन दोन रकाने आखले, तेवढी सवय आता जायची नाही. तू पाठवलेली मीटरची सगळी माहिती दोनदा वाचली. तुझं सध्याचं मीटर गाडीचा, चाकांऐवजी असलेला पट्टा किती फिरला ते मोजतं. बर्फावर पट्टा नुसताच फिरला तर ते चाळीसचा वेग दाखवतं आणि गाडी जागच्या जागी असते. नवं मीटर गाडी खरोखर किती पुढे गेली ते सांगेल, आणि परतीची दिशा दाखवेल. तुझे बाबा म्हणतात, मोबाइल आहे ना. पण मोबाइल थंडीत मान टाकतो आणि हातमोजे काढल्याशिवाय चालत नाही, हे तूच सांगितलं होतंस. उलट बाजूच्या रकान्यात माझ्याकडे फक्त एक गोष्ट आहे: थंडीनं गाडीची बॅटरी उतरली किंवा त्याची वायर तुटली तर तेही बंद पडेल, म्हणून होकायंत्र खिशात ठेव. बाकी माझं मत स्पष्ट आहे. बसवून घे. या हिवाळ्यातच.

तुझा प्रश्न मीटरपुरता असेल तर उत्तर इथे संपलं. पण तू पाठवलेला तुमच्या गोठलेल्या तळ्याचा फोटो मी परत उघडून पाहिला. चारी बाजूंना पांढरं, एक झाड नाही. अशा ठिकाणी एखाद्या दिवशी तुला किनारा सापडला नसेल, तू गोल गोल फिरला असशील, आणि सहा हिवाळे जाणाऱ्यानं हे घरी सांगायचं कसं म्हणून तू मीटरचं विचारलं असशील, तर ते मला सांग. तुझ्या बाबांपाशी मी एक अक्षर काढणार नाही. ईराला कळलं तर कळू दे, ती शहाणी आहे.

तुमची शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे माझी शनिवारची सकाळ. मी सातपासून फोनपाशी बसलेली असेन. कुठल्या भाषेत सांगायचं ते तू ठरव. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांब, मी वाट पाहीन. मी हसणार नाही.